जावईबापूंचा अल्बम आम्ही कसा ऐकला

हसायचं असंल तर आधी कपबशी खाली ठेवा, चहा अंगावर सांडंल! माणसानं कुठंबी फजीत व्हावं, पण जावयासमोर? विचारूच नका!

आमचे जावई निखिलराव पुण्यात संगीत करतात. गाणी न्हाय हां! कॉम्प्युटरवर एकच सूर धरायचा, लांबवत न्यायचा, मधीच पियानोचा एखादा थेंब सोडायचा. शब्द न्हाय, ठेका न्हाय. मी एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला. माझ्या कानाला घंटी आन् इंजन, एवढंच ठाऊक!

पण त्यांचा पहिला अल्बम निघाला आन् ते वाशीला आमच्या गावाकडं यायला निघाले, तेव्हा लेकीनं फोनवर बजावलं, "पप्पा, त्यांच्या घरी कुणीच कौतुक करत न्हाई हो. तुम्ही तरी मन लावून ऐका."

ऐका म्हणजे काय? म्या गल्लीच गोळा केली! शेजारचे रशीदभाई आले, माझे दोन्ही मेव्हणे आले. निखिलरावांनी माझ्या फोनवर अल्बम टाकून दिला आन् लाजत म्हणाले, "मामा, सुरुवात फार हळू आहे. धीर धरा. मी जरा बाहेर जाऊन येतो. माझ्यासमोर नको."

ते गेले. म्या नवा स्पीकर मधोमध ठेवला, बटण दाबलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

काहीच न्हाय. धीर धरला. मग लई लांबून आलं, घूंऽऽऽ…

"सुरू झालं!" मी कुजबुजलो.

"हे हाय काय पण?" रशीदभाई.

"सूर हाय. आत जाऊ द्या त्याला."

सगळ्यांनी जाऊ दिला. थोरल्या मेव्हण्याची तर मान डुलायला लागली! तेवढ्यात पाण्याचा आवाज. आधी टपटप, मग धो धो.

"झरा काढलाय बघा कॉम्प्युटरवर!" मी.

"लई हुबेहूब!" धाकटा मेव्हणा म्हणाला. "अंगाला गारवा लागला राव!"

आन् मग त्या झऱ्यावर कुठूनतरी बाईचा उंच आवाज उठला, "ओऽऽऽ भाऽऽऊ!"

"आलाप!" म्या मांडीवर थाप मारली.

रशीदभाईंनी एक डोळा उघडला. "आवाज वळखीचा वाटतो हो."

"मोठी कलाकार असंल. रेडिओवर ऐकली असंल तुम्ही."

"रेडिओवर? घरात रोज ऐकतो मी हा आवाज!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. रशीदभाईंच्या जुबेदाभाभी! हातात शेवयांचा ओला लगदा.

"भाऊ, मोटर बंद करा की! टाकी कवाची वाहतीया! आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सगळ्या शेवया गेल्या!"

त्यांच्या मागं निखिलराव. नखशिखांत भिजलेले. भाभींची शेवयांची बाज ओढायला धावले होते बिचारे. त्यांनी माझा फोन उचलला, बघितला.

"मामा, स्पीकर जोडलेलाच नाही. आणि फोनचा आवाज बंद आहे."

मोटर बघा म्हणून बायको बजावून बाजारात गेली होती. आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यातनं एकदा, आन् ते सगळं म्या झरा म्हणून ऐकत बसलो!

दुसऱ्या दिवशी आमचं अख्खं घर भाभींच्या अंगणात, नव्यानं शेवया करायला. मी मशीन फिरवतोय, निखिलराव शेवया बाजेवर पसरतायत. त्यांच्याकडं बघायची हिंमत होईना. शेवटी म्हणलो, "जावईबापू, चुकलं. लेकीनं एक काम सांगितलं होतं…"

ते हसले. "मामा, काल मी दारातून बघितलं ना. इतकी माणसं डोळे मिटून, इतकं मन लावून ऐकतायत, असं मी आजवर कुठं पाहिलं नव्हतं."

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

तोवर ते हळूच म्हणाले, "आता एकदा माझाही अल्बम ऐका."