दगूनानांची बेचाळीस सेकंदे

दगूनाना पगारे कोणतेही ध्वनिमुद्रण सुरू करताना पहिली तीस सेकंदे कोणालाही बोलू देत नसत. समोर कीर्तनकार असो की आमदार, नाना उजवा हात वर धरून उभे राहत. टेप फिरत राही आणि समोरचा मनुष्य तोंड मिटून ताटकळत असे. हात खाली आला की मगच बोलायचे. आमच्या पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारले, "हा वेळेचा अपव्यय कशासाठी?"

"आधी खोली ऐकू द्या, वकीलसाहेब. खोली बी बोलती. ती कशी बोलती ते कळलं, तरच माणूस कधी गप झाला ते कळतं."

मी वकील नव्हे. न्यायालयात पस्तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेला आणि त्यानंतर शासनाच्या प्रत्येक चुकीबद्दल रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवणारा मनुष्य. हे मी नानांना किमान वीस वेळा सांगितले असेल. "कागद तर वकिलावानी लिवता," ते म्हणत, "निस्ती फी घेत नाय, एवढाच फरक."

नाना मूळचे निफाडकडचे. आयुष्यभर लग्नांत आणि सभांत लाउडस्पीकर लावून उतारवयात त्यांनी शहरातल्या भद्रकाली भागात कॅसेटचे छोटेसे दुकान थाटले होते. लोक त्यांच्याकडे लांबलचक व्याख्याने, भजने, सभा घेऊन येत आणि त्यांचे भाग पाडून मागत. नाना डोळे मिटून ऐकत. वक्ता थांबला की त्यांचे बोट टेबलावर टेकायचे आणि वहीत आकडा पडायचा; पण प्रत्येक थांब्याला नव्हे. "ही पाणी पिल्याली शांतता. हितं तोडायचं नाय," ते पुटपुटत. "ही इसरल्याली. ही बघा, ही खरी. हितं इषय संपला." सहा तासांच्या मुद्रणाला त्यांना चार दिवस लागत. या संथपणाबद्दल मी त्यांना अनेकदा टोचून बोललो आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पेठ तालुक्याच्या डोंगरातील एका पाड्यावर सुनावणी झाली. पाड्याला बारमाही पाणी देणारा एकच झरा होता, आणि त्याच्या डोक्यावर दगडाची खाण सुरू करायची होती. माझ्या आग्रहावरून नाना आपले यंत्र घेऊन तेथे आले. शाळेच्या खोलीत चार कॅसेटी भरल्या. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने अखेरीस विचारले, "खाणीला तुमची संमती आहे ना?" खोलीत साठ माणसे होती. कोणीही बोलले नाही. पुढे बसलेल्या सोनीबाई नावाच्या वृद्धेने मान खाली घातली. पुष्कळ वेळाने साहेबांच्या टेबलाजवळूनच कोणीतरी म्हणाले, "आहे. लिहून टाका." इतिवृत्तात मात्र वाक्य आले: ग्रामस्थांनी तत्काळ व एकमुखाने संमती दिली.

तत्काळ! त्या एका शब्दावर मी चार वर्षे पत्रे लिहिली. पाड्याच्या वतीने अपील दाखल झाले. ते माझ्या हातचे होते. अखेर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाची सीडी मागवली. विषयवार भाग पाडलेली, सोबत अनुक्रमणिका आणि ती खरी व संपूर्ण प्रत असल्याचे प्रतिज्ञापत्र. पत्र माझ्या हाती उशिरा पडले. मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

नानांनी तोवर संगणक घेतला होता. त्यात एक सोय होती: आवाज ठराविक मर्यादेच्या खाली गेला की यंत्र आपोआप तेथे भाग पाडी, आणि मधली रिकामी जागा टाकून देई. नाना त्या सोयीला हात लावत नसत.

"चार दिवस द्या, साहेब. कानानं करतो."

"मुदत उद्या आहे, नाना. यंत्रावर करा."

"त्याला गप बसणं कळत नाय. त्याला निस्तं रिकामं दिसतं."

"मला कायदा शिकवू नका. यंत्रावर करा."

त्यांनी केले. वीस मिनिटांत एकेचाळीस भाग तयार झाले. मी छापील अनुक्रमणिका तीन वेळा तपासली, एका शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली. सीडी ऐकली नाही. आयुष्यभर मी कागदच तपासत आलो होतो.

पुढच्या तारखेला खाणवाल्यांच्या वकिलांनी आमचीच सीडी लावली. भाग तेहतीस: "खाणीला तुमची संमती आहे ना?" भाग चौतीस: "आहे. लिहून टाका." मध्ये श्वासाचेही अंतर नाही. वकील हसून म्हणाले, "तत्काळच म्हणतात ना याला? आणि प्रत खरी व संपूर्ण आहे, असे अपीलकर्त्यांच्याच माणसाने शपथेवर सांगितले आहे." अधिकाऱ्यांनी मंगळवारपर्यंत मूळ कॅसेट आणण्यास सांगितले. न आणल्यास सीडीच ग्राह्य धरून निर्णय होणार होता. मागच्या बाकावर सोनीबाई बसली होती. तिने मला एवढेच विचारले, "झरा जाईल का वं, दादा?"

घरी येऊन मी नानांना पत्र लिहिले. चार पाने. निष्काळजीपणा, विश्वासघात, नुकसानभरपाई, मंगळवारी मूळ कॅसेट हजर करण्याची तंबी, काहीही सोडले नाही. पोचपावतीसह पाठवले. 'यंत्रावर करा' हे कोणी सांगितले होते, याचा मात्र त्या चार पानांत उल्लेख नव्हता.

सोमवारी उत्तर आले. पत्र नव्हते, कॅसेट होती. लावली, तर आत काहीच नाही. नुसती खरखर. म्हातारा माझी थट्टा करतो आहे, असे मला वाटले. मी बटणाकडे हात नेला, इतक्यात आवाज आला: "तीस सेकंदं झाली, वकीलसाहेब. राग जरा बसला आसंल, तर आता ऐका. मूळ कॅसेटी माझ्याकडं हायेत. भरल्या त्याच दिवशी त्यांच्या कडंच्या पट्ट्या मोडल्या, म्हंजी वरून कुणाला भरता येऊ नये. उद्या घेऊन येतो. जेवून घ्या."

मंगळवारी नाना धुतलेला सदरा घालून, जुना टेपरेकॉर्डर काखेत मारून आले. वकिलांनी लगेच हरकत घेतली: मधली शांतता मागाहून घातलेली नाही कशावरून? नाना म्हणाले, "शाळंमागं हापसा हाय, साहेब, उन्हाळ्यात आटतो, पर तवा चालू व्हता. बाया पाणी भरत व्हत्या. त्याची कुरकुर ऐका. मधी जोड आसंल, तर ताल मोडंल." आणि त्यांनी बटण दाबले.

"खाणीला तुमची संमती आहे ना?"

मग काहीच नाही. दूरवर हापसा कुरकुरत होता, अगदी बारीक, न चुकता. लघुलेखकाचे हात थांबले. दहा सेकंदे. वीस. आमच्या बाकांवरचे कोणीतरी खोकले. अधिकारी मान वर करून घड्याळाकडे पाहू लागले. साठ माणसे नकार देत आहेत आणि त्यांचा नकार कोणी लिहून घेत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होते. बेचाळिसाव्या सेकंदाला तो आवाज आला: "आहे. लिहून टाका." हापसा तसाच चालू होता.

अधिकाऱ्यांनी विचारले, "मग सीडीत हे का नाही? जबाबदार कोण?"

"मी, साहेब," नाना उठून म्हणाले. "मशीनवर मी टाकलं. चूक माझी."

मी खाली मान घालून बसलो होतो. ज्या मनुष्याने आयुष्यभर इतरांकडे लेखी खुलासे मागितले, तो बाकावर बसून होता. मग मी उभा राहिलो. यंत्र वापरण्याचा आदेश माझा होता, मी न ऐकता सही केली, हे नोंदवून घ्यावे, असे सांगितले. मला सर्वांसमक्ष लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती. दोन आठवड्यांनी निकाल आला: संमती सिद्ध होत नाही, परवानगी रद्द. सोनीबाईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आम्ही तं तवाच सांगितलं व्हतं."

पण मला सांगायचे आहे ते त्या मंगळवारचे. बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारले, "नाना, खरे का नाही सांगितलेत? मीच बळजबरी केली होती."

त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमी उठताय का ते ऐकत व्हतो."

"उठलो ना?"

"उठला. अकरा सेकंदांनी." फुंकर मारून त्यांनी एक घोट घेतला. "त्या पाड्यावाल्यांच्या बेचाळीसपेक्षा कमीच की. पण तुमची शांतता निराळी व्हती, साहेब. कशाची ते तुमाला म्हाईत हाय."

पुढच्या वर्षी नाना गेले. त्यांच्या मुलाने त्या चार कॅसेटी आणि माझे पत्र मला परत आणून दिले. पाकीट फोडलेले होते, पाने नीट घडी घातलेली. मागच्या कोऱ्या बाजूला, नानांच्या त्याच आकडे टिपायच्या अक्षरात, एकच नोंद होती: '११'. ते पत्र मी फायलीला लावलेले नाही. टेबलावर काचेखाली ठेवले आहे, मागची बाजू वर करून. आजही मी कोणाला जाब विचारणारे पत्र लिहायला बसलो की आधी तीस सेकंदे काहीही लिहीत नाही. पुष्कळ पत्रे मग लिहिलीच जात नाहीत.