मामाच्या घोरण्याचा व्हिडिओ

दत्तामामा गेल्याची बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर आली. तिच्या थोडं वर, मीच टाकलेला त्याच्या घोरण्याचा व्हिडिओ होता. वर हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’... तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही.

मामा मंचरच्या बाजारात मापाडी होता. कांद्याच्या गोण्या काट्यावर चढायच्या, तो वजन पुकारायचा आणि पुढची गोणी येईपर्यंत उभ्या उभ्या डुलकी घ्यायचा. हमाल ओरडायचे, “ओ मापाडी, काटा जागा हाय, तुमीच झोपला राव!” तोही हसायचा. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला, सुखी माणूस, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात.

इंग्रजी शाळेतली भाची म्हणून त्याने एकदा डॉक्टरांची चिठ्ठी मला वाचायला दिली. झोपेत श्वास थांबतो का, याची तपासणी पुण्याच्या दवाखान्यात एक रात्र झोपून करायला सांगितली होती.

“पुण्याला जाऊन झोपायचं?” मामी म्हणाली. “घरी काय कमी झोपत्यात व्हय?”

सगळे हसले. मामाने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मला चिठ्ठी कळली होती, पण चारचौघांत मला बोलवत नाही. ही सबब आता माझी मलाच पटत नाही.

संकष्टीला तो लेण्याद्री चढून आला आणि डावी पोटरी सुजली. पायऱ्यांनी भरून आली, असं ठरवून घरच्यांनी ती चार दिवस गरम तेलाने चोळली. पाचव्या दिवशी तो काट्यापाशीच धाप लागून कोसळला. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. झोपेत वारंवार श्वास अडणाऱ्यांना गुठळीचा धोका जास्त असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले; मामाचं तेच झालं, हे मात्र आता कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. तपासणी झालीच नव्हती ना... आणि दहाव्याला पाहुणे म्हणत होते, “देवाला जाऊन आला, लई भाग्याचं मरण!”

व्हिडिओ दुपारचा आहे. मामा पडवीत झोपलाय. घोरता घोरता तो एकदम थांबतो. छाती हलत नाही. कुणीतरी म्हणतं, “इंजिन बंद पडलं!” आणि त्या शांततेत एक मुलगी खिदळते. ती मी आहे. मग मामा गुदमरल्यासारखा श्वास ओढतो.

धाकटा मामाही असाच घोरतो. काल मी तो व्हिडिओ ग्रुपवर पुन्हा टाकला, खाली त्याच्या खिशात सापडलेल्या त्या चिठ्ठीचा फोटो. या वेळी कुणी हसलं नाही. धाकट्या मामाने एवढंच लिहिलं, ‘डिलीट कर.’

मी केलेला नाही.