अक्कांचे खडे

धुळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का दर रविवारी चर्चला जात, पण त्यांची खरी प्रार्थना चाले ती ओट्यावर, सुपात डाळ निवडताना. खडा सापडला की ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घ्यायचं, त्याला माफ केल्याचं प्रभूला सांगायचं आणि खडा अंगणात भिरकावायचा. नणंदेच्या वाट्याला बहुधा मोठा खडा येई. मला हसू यायचं.

एकदा नळावरून आमचं दोघींचं चांगलंच वाजलं. अबोला धरला. मग एका दुपारी त्यांच्या ओट्यावरून माझं नाव ऐकू आलं, आणि संध्याकाळी अक्का गरम खिचडीची ताटली घेऊन दारात उभ्या.

पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला.

अक्का ओशाळल्या. "थोडा राग ऱ्हाई गया व्हई वं," त्या म्हणाल्या. "सकाय परत निवडसू."