एफवन सरांची सही

प्रोग्रॅम अडला की आम्ही बाकीचे आधी कपाळाला हात लावायचो, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायचो. साळवी सर मात्र शांतपणे कीबोर्डवरचं एफवनचं बटण दाबायचे. ते दाबलं की हेल्पचं पान उघडतं, आणि त्यात हेल्प असणारच, असा त्यांचा दर वेळी नव्याने विश्वास असायचा. म्हणून त्यांचं नाव पडलं एफवन सर.

शांती नगरात एका मेडिकलच्या दुकानावर, वन रूम किचनच्या फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस होतं. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांना आम्ही बिलं छापायचे प्रोग्रॅम करून द्यायचो. छपाईचं काम सोपं व्हावं म्हणून शेठने एक परदेशी टूल विकत घेतलं होतं. चकचकीत खोक्यात सीडी होती, पुस्तक नव्हतं. जे काय होतं ते एफवनमागे.

सर ते पान आम्हाला मराठी करून, बातम्या दिल्यासारखं वाचून दाखवायचे. "'पेजब्रेक मोड. हा पेजब्रेकचा मोड ठरवतो.' ऐकलंत? पुढे आहे अजून. 'अधिक माहितीसाठी पाहा, पेजब्रेक मोड.'" मग चष्मा पुसत म्हणायचे, "लिहिणाऱ्याचा पगार मात्र वेळेवर होत असेल."

एका कारखान्यात प्रत्येक बिलामागे एक कोरा कागद निघू लागला. मालकाने कोऱ्या कागदांचा गठ्ठा शेठच्या टेबलावर आणून टाकला. सरांनी टूलच्या कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, कृपया हेल्प पाहावी. सरांनी एकेक सेटिंग बदलून बघत तो कोरा कागद स्वतःच बंद केला, आणि मग कंपनीला पुन्हा लिहिलं. हेल्प पाहिली, तीत काय काय नाही ते खाली देतो आहे. ते पत्र हेल्पपेक्षा मोठं झालं. कंपनीला ते इतकं आवडलं की त्यांनी सरांना आपल्या अंधेरीच्या ऑफिसात हेल्प लिहायच्या नोकरीवरच बोलावलं.

"जाओ साळवीसाब," शेठ म्हणाला, "उधर बैठके हमारा भी भला करो." आम्हीही खूश होतो. एफवनमागे आता आपला माणूस बसणार होता.

वर्ष व्हायच्या आत सर ती नोकरी सोडून आमच्याकडे परत आले. चहा पिताना त्यांनीच सांगितलं, "पेजब्रेक मोडवर दोन पानं लिहिली होती, छापताना पान कुठे तोडायचं ते, उदाहरणांसकट. साहेब म्हणाला, छान लिहिलंय, पण सगळं इथेच सांगितलं तर फी भरून आपल्या ट्रेनिंगला कोण येणार? एक ओळ ठेवली, बाकी कापलं."

"कुठली ओळ ठेवली?" मी विचारलं.

"हा पेजब्रेकचा मोड ठरवतो."

शेठला त्याचं दुःख नव्हतं. "अब तो अंदर का सब मालूम है आपको."

"मालूम है शेठ. पर बाहर नहीं बोलूँगा, ऐसा साइन करके आया हूँ."

शेठ हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय. सर गंमत करत नव्हते.

पुढच्याच महिन्यात माझा स्टॉकचा रिपोर्ट अडला. दुसऱ्या पानावर बेरीज दुप्पट यायची. कारखान्याचे फोनवर फोन येत होते. मी सरांकडे गेले.

"अनघा, मला विचारू नकोस गं."

"सर, तुम्हीही आता हेल्पसारखंच बोलायला लागलात," मी म्हटलं.

ते उठून बाल्कनीत गेले. मग आत येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "मला यातलं काही माहीत नाही असं धर. तुला काय वाटतं, बेरीज कुठे बिघडत असेल?"

मी सांगितलं. "करून बघ," ते म्हणाले. चुकलं. चुकणार हे त्यांना माहीत होतं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आता हे का चाललं नाही, त्याचा विचार कर." दुपारभर हेच. स्वतःची सगळी कामं बाजूला ठेवून ते माझ्या प्रत्येक चुकीशेजारी बसून राहिले. संध्याकाळी बेरीज बरोबर आली, तेव्हा ते माझ्याआधी उठून तोंड धुवायला निघून गेले.

पुढे ते इंद्रलोकमधला राहता फ्लॅट विकून मुलीकडे नाशिकला राहायला गेले. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले होते. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, काकू रिक्षात बसल्या होत्या.

"सर, आता तरी सांगा," मी म्हटलं. "त्या बेरजेला मी काढला त्याहून सोपा मार्ग होता का?"

"होता," सर म्हणाले, आणि रिक्षात बसले.