आधी प्रश्न, मग आ

“आधी प्रश्न, मग आ!”

आमच्या मुलुंडच्या दाताच्या डॉक्टरबाई हातात छोटा आरसा घेऊन असं म्हणाल्या की खुर्चीतल्या माणसाने आकाशाबद्दल काहीतरी विचारायचं. तुम्ही म्हणाल, दाढ ठणकत असताना ग्रह कुणाला सुचतात? सुचतात हो! ते मशीन दोन मिनिटं लांबवायला माणूस काहीही विचारतो.

मी विचारलं होतं, “सूर्य विझला तर आपल्याला कधी कळेल?”

“आठ मिनिटांनी! तोवर इथे लख्ख ऊन. काय कमाल आहे ना? आणि तेवढ्यात तुमची दाढ साफ. आ करा.”

एका रिक्षावाल्याने शनीची कडी कशाची असतात, असं विचारलं. “बर्फाची, दगडांची. इतकी सुंदर! चूळ भरा.” बाई उत्तरात अशा रंगायच्या की दाढेची आठवण पेशंटलाच खाणाखुणा करून द्यावी लागे.

मग त्यांची नजर अधू झाली. समोरचं नेमकं मधलंच पुसट दिसायला लागलं. दवाखाना बंद करून लेकीकडे जायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. बाई मात्र अडून बसल्या. “मे महिन्यात एक दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली गायब होते. डोळे पुरते जायच्या आत तेवढं मला बघू द्या, मग न्या कुठे न्यायचं ते.”

त्या दुपारी अर्धी गल्ली दवाखान्यासमोर जमली. उभं करून सावली बघायला कुणी थर्मास आणला, कुणी तेलाची बाटली. सावंतवाडीच्या वहिनींनी लाटणं उभं केलं. तेवढ्यात ढग आला.

“वाट लागली!” मेडिकलवाला म्हणाला.

पण ढग सरकला. लाटण्याची सावली आखडत बुडाशी आली आणि गेली की हो! आम्ही लहान मुलांसारखे ओरडलो.

बाई लाटण्यापाशी ओणवल्या. मान इकडून तिरकी केली, तिकडून केली.

“गेली का? मला नुसतं पांढरं दिसतंय.”

मग वहिनीच म्हणाल्या, “गेली ओ बाई, खंयच नाय!”

“कशी गेली? झटकन की हळूहळू?”

“हळूहळू! आधी बुडाशी गोळा झाली...”

“मग खालीच शिरली!”

“आणि कडा? काळी होती की फिकट?”

आम्ही सगळे एकदम बोलत होतो. बाई ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे वळत होत्या, चेहरा नुसता फुललेला. मग त्यांनी उन्हासाठी उघडलेली छत्री मिटून माझ्या हातात दिली. भर उन्हात पाय जुळवून, हात अंगाशी घट्ट धरून ताठ उभ्या राहिल्या.

“आता माझी बघा!”

अख्खी गल्ली त्यांच्या पायांशी वाकली.