दोन तोंडांचा कार्बोरेटर

शेवटचे भेटलो तेव्हा दिवाकरने पेट्रोलने ओला झालेला कार्बोरेटर माझ्या नाकाखाली धरला. "वास येऊन राहिला का गा?" मी तोंड फिरवलं. एवढा भपकारा, आणि हा विचारतो! पण मागच्या वर्षीच्या तापात त्याचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. शेजारी फोडणी करपली तरी त्याला पत्ता नसे. प्रताप नगरच्या त्या अंगणात त्याचं नाक म्हणजे सुनंदावहिनी. गाडी चालू करण्याआधी तो हाक मारायचा, त्या कणकेच्या हातांनीच यायच्या, बॉनेटमध्ये वाकून हुंगायच्या आणि "करा चालू" म्हणायच्या. मगच तो चावी फिरवायचा.

त्याच आठवड्यात, दसऱ्याच्या सकाळी, फोन आला. दिवाकर भाजला होता. संध्याकाळी, सोनं वाटायच्या वेळेला, तो गेला.

गाडी त्याच्या वडिलांची, आम्ही शाळेत होतो तेव्हाची. रामटेकच्या चढावर एका ऑटोने तिला मागे टाकलं, तेव्हापासून या माणसाला चैन नव्हतं. मूळचा एका तोंडाचा कार्बोरेटर जन्मभर इमानाने चालला होता. याला जास्त पेट्रोल, जास्त जोर देणारा भंगारातल्या जीपचा दोन तोंडांचा हवा होता. "इंजिन लहान हाय गा, पचणार नाही तिले," मी म्हणालो. "तुले खाण्यातलं समजते, गाडीतलं नाही," तो हसला. तो इंजिनावर बसावा म्हणून मधली पट्टी कातून आणली, पेट्रोल सोडणाऱ्या जेटची भोकं रुंदावली. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो, वाटी भरली की तो वर येऊन पेट्रोल अडवतो. वाटी जास्त भरावी म्हणून त्याने फ्लोटची पत्तीही वाकवली. मला ते तेव्हाच बरं वाटलं नाही. उतू गेली तर कळणार कसं, मी विचारलं. "सुनंदा हाय ना," तो म्हणाला.

दसऱ्याला आधी पूजा, मग गाडी चालू, हा त्याच्या वडिलांचा नेम. त्याने गाडी धुतली, बॉनेट उघडलं, पंपाची दांडी हाताने दाबत पेट्रोल वर चढवलं... वाटी उतू जात असणार. वहिनी आत झेंडूचा हार ओवत होत्या. त्याने हाक मारली नाही. गाडी एवढ्यात कुठे चालू करायची होती, नुसती पूजाच तर करायची होती. उदबत्तीसाठी त्याने काडी ओढली. मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि रागावायला तो नाही.

मागच्या रविवारी गेलो. अंगणात गाडीची जागा काळी पडली आहे. वहिनींनी फडताळातून एक पुडकं काढलं. आत तो जुना, एका तोंडाचा कार्बोरेटर. दिवाकरने घासूनपुसून धोतराच्या फडक्यात जपून ठेवला होता.

"भाऊजी, हा घेऊन जा. घरभर वास येऊन राहिला याचा. मले झोप नाही लागत."

मी तो नाकाशी धरला. कोरडा, थंड... कसलाच वास नव्हता. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"येते ना?"

"येते, वहिनी," मी म्हणालो, आणि तो पुन्हा फडक्यात गुंडाळला.