आधीचा आवाज

हॉलमध्ये माझाच आवाज लागला आणि सगळे हसले.

"अवर कॅप्स डू नॉट लीक." स्पीकरमधून मी बोलत होते. प्रत्येक शब्द सारख्याच वजनाचा. आणि शेवटचा 'लीक' उगाचच वर गेलेला. जणू मीच विचारतेय, झाकणं गळतात का हो?

ट्रेनर मॅडमनी नाव घेतलं नव्हतं. "हे एक सँपल आहे," एवढंच म्हणाल्या होत्या. पण सातिवलीच्या आमच्या कारखान्यात, ऑफिसात बायका किती? माना माझ्याकडे वळल्या. मॅडमनी ते वाक्य पुन्हा लावलं. मालकांचे चिरंजीव, आम्ही त्यांना सर म्हणतो, खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अरे, क्वेश्चन आहे की आन्सर?"

मग तर हॉल दणाणला.

आणि मीही हसले.

हे सांगायलाच मला सगळ्यात जड जातं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांच्या हसण्यात माझं हसणं मिसळलं की मी त्यांच्यातली होईन, असं वाटलं असावं. कानशिलं तापली होती. तोंड मात्र हसत होतं.

आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. मी लागले तपासणीवर. मशीनमधून पडलेलं झाकण उजेडात धरायचं, चीर दिसली की बाजूला टाकायचं. तिथून ऑफिसात आले. बाहेरच्या देशातली गिऱ्हाइकं यायला लागली, तशा सरांनी मुंबईहून मॅडम आणल्या. प्रेझेंटेशनमध्ये इंग्रजी वाक्य कसं बोलायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली सोडायचा, हे त्या शिकवणार होत्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं थोडं थोडं बोलणं रेकॉर्ड केलं. "फक्त माझ्या स्टडीसाठी," म्हणाल्या होत्या.

विरारजवळच्या चांदीपला आमची भातशेती. घरात सगळे 'पानी' म्हणतात, 'कोन' म्हणतात, 'नाय' म्हणतात. गावची शाळा संपल्यावर मी विरारच्या हायस्कूलला गेले. नवी नवी होते. वर्गात हात वर करून विचारलं, "बाई, पानी पिऊन येऊ?"

"काय पिऊन?"

मी पुन्हा तेच म्हटलं. मला फरक ऐकूच येत नव्हता.

"तहान लागलीय ना? मग नीट माग. नाहीतर बस."

मी उभी. पोरं हसतायत. मी पुन्हा पुन्हा म्हणतेय आणि दर वेळी चुकतेय. शेवटी खाली बसले. तहानलेलीच. दहावी होईपर्यंत वर्गात मी परत कधी तो शब्द काढला नाही. घरून निघतानाच पोट भरून पिऊन निघायचे.

पुढे 'ण' घोटून घोटून जिभेवर बसवला. आज माझं मराठी ऐकून मी कुठली ते कोणाला कळत नाही. वाटलं होतं, सुटले.

हॉलमध्ये माझा आवाज लावला त्या दिवशी घरी आले ती न जेवताच झोपले. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. संध्याकाळी कामावरून आलं की शेताच्या बांधावर जायचं. मोबाइलवर मॅडमनी पाठवलेली वाक्यं लावायची. जोराचा शब्द आला की टाळी वाजवायची. मधले छोटे शब्द पटकन उरकायचे. वाक्याचा शेवट खाली सोडायचा. टाळी, टाळी, खाली. मी एकटीच बडबडत येरझाऱ्या घालायचे.

एकदा आई गवत घेऊन परत येत होती. थांबून बघत राहिली.

"कोनाशी भांडतेस गो?"

"कोणाशी नाही. इंग्रजी बोलतेय."

"मग येवढी चिडून?"

मी पलीकडच्या शेतात गेले. आईने ऐकावं याचीही लाज वाटत होती. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

खरं सांगते, हळूहळू मला ते आवडायला लागलं. इंग्रजी वाक्याला एक चाल असते. ती पायात बसली की शब्द आपोआप पुढे सरकतात. श्वास पुरतो. समोरच्याला काय ऐकवायचंय ते आधी आपल्याला समजतं. भाषेने माझं काही वाईट केलं नव्हतं.

मॅडमनाही फरक दिसला. सरांनाही. कंपनीचा कार्यक्रम होता, परदेशी गिऱ्हाइकं येणार होती. ठरलं असं, की आधी माझं जुनं रेकॉर्डिंग लावायचं आणि मग मी स्टेजवर येऊन नव्या पद्धतीने बोलायचं. बिफोर आणि आफ्टर. मॅडम म्हणाल्या, "यू शुड बी प्राउड." मी मान हलवली. तोच हशा पुन्हा ऐकावा लागणार हे कळत होतं, तरी हलवली.

रंगीत तालमीला सगळा स्टाफ जमला. रेकॉर्डिंग लागलं, हसून झालं. मी पुढे गेले. तेवढ्यात सरांना कल्पना सुचली.

"रेकॉर्डिंग कशाला? तूच करून दाखव ना. आधी कशी बोलायचीस ते. जरा वाढवून कर. एकदम गावचं. मजा येईल लोकांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. काहींनी हसायची तयारीही केली होती. माझ्या हातात माइक. मी तोंड उघडलं. "अवर" एवढंच आलं.

पुढचं निघेना. ते जे मागत होते, तो आवाज कोणाचा होता? माझ्या आईचा होता. काकीचा. ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्या सगळ्यांचा. तो आवाज मी या लोकांपुढे वाकडा करून नाचवायचा होता. आणि ही मंडळी त्यावर टाळ्या वाजवणार होती.

"मी नाय करनार."

घरचंच आलं तोंडातून. इतकी वर्षं घोटलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे.

"काय?" सर म्हणाले.

"मी नाय करनार. माझ्या बोलन्याची मजा नाय करायची."

डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचाही राग येत होता. सर म्हणाले, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. खेळीमेळीत चाललंय." मी मॅडमकडे वळले. "माझं रेकॉर्डिंग पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

मॅडम गोंधळल्या. "अगं, पण ते माझ्या मटेरियलमध्ये आहे. बाकीच्या कंपन्यांतही मी तेच दाखवते. तुझं नाव कुठे घेते मी?"

म्हणजे जिथे मी कधी पाऊल टाकलं नाही, तिथेही लोक मला हसून घेत होते. माझं नाव नाही, चेहरा नाही. फक्त हसण्यापुरता आवाज.

मी लॅपटॉपशेजारी जाऊन उभी राहिले. हलले नाही. मॅडमनी शेवटी पुसलं. आणखी कुठे कुठे आहे, मला माहीत नाही.

कार्यक्रमात माझ्या जागी दुसरा एक जण बोलला. मला परत तपासणीवर पाठवलं. जेवायच्या सुट्टीत काही जण माझ्याशी बोलत नाहीत. लाज गेलेली नाही. तो हशा आठवला की आजही कानशिलं तापतात, आणि त्यात माझंही हसणं होतं हे आठवलं की जास्तच.

बांधावरचा सराव मी सोडलेला नाही. आता आई जवळ असली तरी मोठ्याने करते. इंग्रजी मला हवीय. ती माझ्या कामासाठी हवीय.

पुढच्या महिन्यात मॅडम नव्या भरतीला शिकवायला येणार आहेत. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे. कोणाचाही आवाज हसण्यासाठी लावला, की मी उठणार आणि स्पीकरची वायर काढणार. नोकरीवरून काढतील. काढू देत.

ह्या वेळी मी हसणार नाही.